एव्हान्थिया एकटी नांगर टाकते

आमच्या लिमनारीत उन्हाळ्याची खरी करमणूक म्हणजे होड्या नांगर टाकताना बघत बसणं. माझ्या कॉफीच्या दुकानाची टेबलं अगदी पाण्याच्या काठाला लागून. समोर गोल खाडी, पलीकडे दोन टेकड्या. त्यांच्या मधल्या खिंडीतून दुपारी मायस्त्रोस वारा सुटतो आणि खाडी ओलांडून सरळ माझ्या टेबलांवर येतो. त्यामुळे ज्याचा नांगर तळाला नीट रुतलेला नसतो त्याची होडी मागे मागे सरकत माझ्या पायऱ्यांशी येऊन ठेपते. मग टेबलांवरची मंडळी टाळ्या वाजवतात, मी दोर धरतो आणि आलेल्याला थरथर थांबायला एक कॉफी देतो.

या सगळ्यात वर्षानुवर्षं रंगणारा प्रयोग होता तो आरिस्तिदिस आणि एव्हान्थिया या नवराबायकोचा. आरिस्तिदिस मालवाहू जहाजांवर मुकादम होता. तीस-चाळीस खलाशांना वादळात ऐकू जाईल असा आवाज त्याने तिथे कमावला आणि निवृत्त होताना तो घरी घेऊन आला. साठवलेल्या पैशातून त्याने शिडाची एक छोटी होडी घेतली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं, स्तामातूला. एव्हान्थिया म्हणायची, "सासूबाई गेल्या तेव्हा मला वाटलं आता सुटले. आता दर शनिवारी त्यांना घासूनपुसून ठेवते."

होडी खाडीत शिरली की आरिस्तिदिस सुकाणू धरून मागे बसलेला आणि एव्हान्थिया पुढच्या टोकावर नांगर धरून उभी. मग सुरू.

"सोड!"

"सोडू?"

"अजून नको!"

"मग सोड म्हणालास कशाला?"

"तयार राहा म्हणालो! आता सोड! सोड ना! किती सोडलीस? अगं, थांब!"

हे संवाद आम्हाला इतके पाठ होते की बार्बा झिसिमोस, आमच्याकडचा सगळ्यात म्हातारा मासेमार, आरिस्तिदिसच्या आधीच पुढचं वाक्य म्हणून टाकायचा. "आता म्हणेल, डोळे कुठे आहेत तुझे," असं तो म्हणे, आणि पाण्यावरून आवाज यायचा, "डोळे कुठे आहेत तुझे!"

एव्हान्थिया हे सगळं मुकाट ऐकून घ्यायची असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. ती आमच्या गावची शिंपीण होती. बुटकी, गोल, केसांना कायम रुमाल, आणि ओठांत टाचण्या धरायची सवय असल्यामुळे बोलली नाही तरी काहीतरी मनात आहे असा चेहरा. तिचा सूड सुईदोऱ्याचा असायचा. पाद्रीबाबा फोतिओस यांनी एकदा प्रवचनात बायकांच्या जिभेवर बोट ठेवलं, तर पुढच्या रविवारी त्यांच्या झग्याचा रुमाल ठेवायचा खिसा शिवलेला निघाला. भर प्रार्थनेत शिंक आली आणि बाबा खिशाशी झटापट करत राहिले. एका उन्हाळ्यात आरिस्तिदिसने तिला फारच शिव्या दिल्या, तर तिने त्याची आवडती खलाशी टोपी रोज रात्री एकेक टाका घेऊन आवळत आणली. आठवड्याभरात त्याने मला विचारलं, "लाम्ब्रो, माझं डोकं मोठं दिसतंय का रे?" मी म्हणालो, "आहे तेवढंच आहे." तरी तो बोटीने लेफ्कादा शहरात डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं. तो पूर्ण महिना बिनमिठाचा घेवडा खात होता आणि ती समोर बसून खारवलेले मासे.

तर त्या वर्षी ईस्टर झाल्यावर आरिस्तिदिस ऑलिव्हच्या झाडावर छाटणीला चढला आणि शिडीसकट खाली आला. पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. दोन पोरांनी त्याला खुर्चीसकट उचलून माझ्या दुकानात आणून ठेवलं, आणि त्या दिवसापासून त्याचा मुक्काम माझ्या कोपऱ्यातल्या टेबलाशी, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर.

होडी धक्क्याला बांधून पडली. आता एव्हान्थियाची धाकटी बहीण दियामांतो समोरच्या त्रिगोना बेटावर दिलेली. बेट इतकं जवळ की हवा स्वच्छ असली तर तिच्या गच्चीवरची वाळत घातलेली धुणी दिसतात. पण टपालाची बोट आठवड्यातून एकदा जाते, आणि पोती उतरवून लगेच परत फिरते. म्हणजे बहिणीकडे जायचं तर एकतर उभ्या उभ्या गालाला गाल लावून यायचं, नाहीतर आठवडाभर राहायचं. आठवडाभर राहिलं की आरिस्तिदिस उपाशी. शिडाच्या होडीने घेऊन चल म्हटलं की तो म्हणायचा, "तिथे धक्का नाही. नांगरावर राहावं लागतं. रात्रभर झोप नाही मला." खरं कारण असं की दियामांतो त्याला उलट उत्तरं देते.

मे महिन्याच्या एका सकाळी एव्हान्थिया दुकानात आली, नवऱ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मी होडी घेऊन दियामांतोकडे जाते."

"कोण नेणार?"

"मी."

आरिस्तिदिस हसला. मग बार्बा झिसिमोसकडे वळून हसला. "नेशील गं. शीड उभारता येतं तुला, सुकाणू धरता येतं, मान्य. पण तिथे पोचल्यावर? सुकाणू मागे, नांगर पुढे. मधे तुझे हे एवढेसे पाय. तू पुढे पळालीस की होडी फिरणार, मागे पळालीस की नांगर राहिला वर. नांगर टाकायला दोन माणसं लागतात. एक अक्कल असलेलं आणि एक हात असलेलं."

"माझ्याकडे दोन्ही आहेत," ती म्हणाली.

"अक्कल मागे सुकाणूवर बसते, बाई!"

सगळे हसले. ती पण हसली. ती अशी हसते तेव्हा मी माझ्या कपाचा कान घट्ट धरून ठेवतो.

त्यानंतर ती रोज सकाळी 'होडी साफ करायला' जाऊ लागली. होडी धक्क्यावरून सुटायची आणि भुंड्या टेकडाच्या टोकामागच्या छोट्या खाडीत जायची, जिथे शेळ्यांशिवाय कुणी नसतं. आरिस्तिदिसला ती सांगायची, तळ घासायला उथळ पाणी बरं. दुपारी परत यायची ती गुडघे खरचटलेले, झग्याला गंज, आणि एकदा कपाळावर टेंगूळ. मी बर्फ दिला. तिने माझ्याकडून लांब दोर घेतला, प्लास्टिकचे दोन रिकामे तेलाचे डबे घेतले आणि कापसाची एक गुंडाळी.

"कापूस कशाला, एव्हान्थियाबाई?"

"जखमांना," ती म्हणाली, आणि डोळा मारला.

एक दिवस दुकान रिकामं असताना मी तिला विचारलं, खरंच जमतंय का. तिने कॉफीचा कप टेबलाच्या मधोमध ओढला.

"पहिले काही दिवस मी पण येड्यासारखी पुढे-मागे पळत होते. तो म्हणाला तसंच झालं. मी पुढे पोचेस्तोवर होडीने तोंड फिरवलेलं. एकदा तर नांगर टाकला आणि साखळी पायाला. मग रडू आलं. मग बसून तिळाची वडी खाल्ली. खाताना डोक्यात आलं, नांगर पुढेच ठेवायचा असा नियम कुणी केलाय? साखळी पुढच्या टोकातूनच बाहेर काढायची, तिथेच बांधायची, पण होडीच्या बाहेरच्या अंगाने मागे आणायची आणि नांगर लटकवायचा सुकाणूजवळ. माझ्या मांडीशी. आता होडी वाऱ्यात तोंड करून थांबली की मी बसल्या जागेवरून हळूच खाली सोडते. वारा होडीला मागे ढकलतो, साखळी आपोआप पुढून ताणली जाते."

"आणि किती सोडायची ते?"

"शिंपीण आहे ना मी? साखळीला चिंध्या बांधल्यात. लाल, पिवळी, मग निळी. पाणी जितकं खोल त्याच्या पाचपट साखळी आधीच मोजून बांधते. कमी कापड घेऊन झगा शिवायला गेलं की तो वर सरकतोच." तिने कप बशीत ठेवला. "मग इंजिन मागे चालवून ओढ द्यायची. आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा बघायच्या, एकामागे एक. त्या एका रेषेत राहिल्या तर बसलाय. सरकल्या तर पुन्हा वर काढ. राग न आणता. हेच सगळ्यात अवघड. तो आयुष्यभर पहिल्याच झटक्यात नांगर बसला असं ठरवून ओरडत आला."

जूनच्या सुरुवातीला तिने दुकानात सगळ्यांसमोर जाहीर केलं की रविवारी दुपारी ती खाडीच्या मधोमध एकटी नांगर टाकेल आणि सूर्य चर्चच्या टेकडीमागे जाईपर्यंत तिथे राहील. वारा काय वाटेल तो वाहू दे. होडी जागची हलली नाही तर सोमवारी ती दियामांतोकडे जाणार आणि आरिस्तिदिस त्यावर चकार शब्द काढणार नाही.

"आणि हलली तर?" आरिस्तिदिस म्हणाला.

"तर होडी वर ओढून ठेव तुझा पाय बरा होईपर्यंत. आणि मी पुन्हा पुढच्या टोकावर उभी राहून तुझं ऐकत जाईन."

पाद्रीबाबा फोतिओस साक्षीदार झाले. खिशाची आठवण असूनही त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. उलट दोघांना आशीर्वाद दिला.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव माझ्याकडे. दुसऱ्यांच्या घरातून खुर्च्या आणाव्या लागल्या. एव्हान्थिया एकटी होडी घेऊन आली, खाडीत एक सावकाश फेरी मारली, पाण्याकडे वाकून बघितलं. तळाशी काळपट दिसतं तिथे गवत, फिकट दिसतं तिथे वाळू. फिकट डागावर होडी वाऱ्यात थांबली आणि नांगर गेला खाली, आवाजसुद्धा झाला नाही.

"सोड!" आरिस्तिदिस इकडून ओरडला.

"सोडलाय केव्हाच," बार्बा झिसिमोस म्हणाला.

"आता ओढ दे! मागे घे! अगं, मागे!"

वारा तिच्याकडून आमच्याकडे येत होता, त्याचा आवाज तिच्यापर्यंत कुठला जायला. शिवाय रुमालाखाली कानात कापूस होता, हे मला ठाऊक होतं. तिने इंजिन मागे चालवलं, साखळी ताणली गेली, होडी थबकली. तिने डोळ्यांवर हाताची सावली धरून किनाऱ्यावरच्या आपल्या दोन खुणा बघितल्या, चर्चच्या घंटेचा खांब आणि त्यामागचं सुरूचं झाड. मग नांगराच्या डोक्याला बांधलेल्या दोरीचा पांढरा डबा पाण्यावर तरंगताना दिसला. नांगर कुठे अडकला तर उलट्या बाजूने सोडवायला ती दोरी असते. शहाणे लोक बांधतात. ती होडीच्या कापडी छताखाली आडवी झाली आणि टोपी तोंडावर घेतली.

दुपारी गाव पांगलं. मीही आत जाऊन पाठ टेकली. जागा झालो तो आरडाओरड ऐकून. स्तामातूला मागे मागे येत होती, सरळ माझ्या टेबलांकडे. एव्हान्थिया टोपी फेकून उठली, इंजिन सुरू केलं, आणि होडी पायऱ्यांपासून हाताच्या अंतरावरून वळवून घेतली. कुणाची तरी खुर्ची पाण्यात पडली. टाळ्या वाजल्या. आरिस्तिदिस प्लास्टरवर हात आपटत होता.

"सांगितलं होतं! हात आहेत, अक्कल नाही!"

ती धक्क्याला आली. चेहरा पडलेला. साखळी, नांगर, डबा, सगळं तिने होडीत ओढलं आणि ते आवरताना एकदम थांबली. डबा हातात घेऊन फिरवून बघितला. मग खाली ठेवला आणि चढून आमच्याकडे आली.

"हरलास का जिंकलास, आरिस्तिदी?"

"जिंकलो!"

"पुढच्या रविवारी पुन्हा."

"ठरल्याप्रमाणे आता होडी वर..."

"घाबरलास?"

दुकानात कुजबुज झाली. गावासमोर घाबरलास म्हटल्यावर कुठला मुकादम नाही म्हणणार? "घे अजून दहा रविवार," तो म्हणाला.

ती निघताना माझ्या गल्ल्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "लाम्ब्रो, डबा पांढरा आहे ना. त्यावर चार बोटं उमटलीत. काळ्या ग्रीसची." मी बार्बा झिसिमोसच्या हातांकडे पाहिलं. त्याच्या जुन्या इंजिनाचं ग्रीस त्याच्या नखांत लग्नापासून आहे. दुपारी सगळे झोपले असताना म्हातारा वल्ह्यावर गेला होता आणि त्याने डब्याची दोरी ओढून नांगर उपटून ठेवला होता.

"मी सांगू का पाद्रीबाबांना?" मी म्हणालो.

"नको, नको," ती म्हणाली. "मजा जाईल."

पुढच्या रविवारी ती आली, फेरी मारली, त्याच सावकाशपणे नांगर टाकला. या वेळी डबा नव्हता. आरिस्तिदिसने ते लगेच हेरलं आणि बार्बा झिसिमोसकडे पाहिलं. म्हाताऱ्याने खांदे उडवले. एव्हान्थियाने नांगर बसल्याची खात्री केली, गवताची टोपी घातली आणि पाण्यात उतरली. आमच्या बायका रोज सकाळी टोप्या घालूनच पोहतात, त्यात काही नवल नाही. ती टोपी पुढे गेली, वाऱ्याच्या बाजूला, मग पाण्यावर नुसती टोपी राहिली. लहानपणी ती समुद्रातले काटेगोळे काढायला बुडी मारायची ते सगळ्यांना माहीत होतं. वर आली तेव्हा तिच्यामागे एक लाल डबा तरंगत होता.

"बांधला," आरिस्तिदिस म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. "नांगराला डबा बांधला. सवय जात नाही."

पण आमच्या खाडीच्या तळाशी एक साखळी पडलेली आहे. युद्धाच्या काळात इटालियन सैन्याने जहाजं बांधायला टाकलेली, माणसाच्या दंडाएवढी जाड. ती जागची हलवायला गावातली सगळी गाढवं कमी पडतील. एव्हान्थियाने आपला नांगर तिच्यापासून बेताने लांब टाकला होता. लाल डबा मात्र नांगराला नव्हताच. तो इटालियन साखळीला बांधला होता.

ती छताखाली झोपली. दुपार झाली, वारा वाढला. या वेळी मी पाठ टेकली नाही. मी दाराच्या पडद्याआड कॉफी ढवळत उभा राहिलो, आणि पाद्रीबाबा माझ्या शेजारी. त्यांना मी नुसतं 'थांबा' म्हणालो होतो.

बार्बा झिसिमोसची मासेमारीची होडी धक्क्यापाशी आली. आरिस्तिदिस आज स्वतः निघाला होता. मागच्या वेळी म्हाताऱ्याने फार वेळ लावला, असं त्याचं म्हणणं. दोघा पोरांनी त्याला आत ठेवलं. प्लास्टर भिजू नये म्हणून त्यावर माशांच्या बर्फाची पिशवी चढवलेली. पाय सरळच राहत असल्यामुळे जागा होईना, म्हणून झिसिमोसने आपला नांगर, दोर, टोपल्या सगळं धक्क्यावर काढून ठेवलं. दोघं निघाले, पाय पुढे काढून.

लाल डब्यापाशी पोचल्यावर त्यांनी दोरी ओढली. दोरी ताणली, हलली नाही.

"बसलाय जोरात," आरिस्तिदिस म्हणाला. वारा आमच्याकडे, त्यामुळे पाण्यावरचा एकेक शब्द आम्हाला ऐकू येत होता.

"ती इटालियन साखळी तर नव्हे?"

"साखळी उजवीकडे आहे, म्हाताऱ्या. तुझे डोळे गेलेत."

"साखळी तुझ्या बापाच्या वेळेपासून इथेच आहे."

"ओढ रे! बांध होडीला आणि इंजिन लाव!"

झिसिमोसने दोरी होडीच्या मागच्या खुंटीला बांधली आणि इंजिन चालू केलं. होडी पुढे गेली, दोरी ताणली, होडी मागे खेचली गेली, दोरी सैल पडली आणि इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याने ती पकडली. खाली घर्र, घर्र, धप्प असा आवाज झाला. मग इंजिन गप्प. आता होडी पाठीमागून इटालियन साखळीला बांधलेली आणि मायस्त्रोसच्या लाटा एकेक करून मागच्या काठावरून आत यायला लागल्या. झिसिमोसला पोहता येत नाही. आमच्या निम्म्या मासेमारांना येत नाही. आरिस्तिदिस प्लास्टरमध्ये. आणि त्यांचा नांगर धक्क्यावर ऊन खात पडलेला.

"एव्हान्थिया!" आरिस्तिदिस ओरडला.

ती हलली नाही. आवाजाने झोपलेले लोक खिडक्यांत आले. दुकानाची टेबलं पुन्हा भरली. कुणीतरी माझ्याकडे लिंबू सरबत मागितलं.

"एव्हान्थिया! अगं ए!"

कितीतरी हाका झाल्यावर तिने टोपी बाजूला केली, उठून बसली, आणि सावकाश एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्या.

"काय रे आरिस्तिदी? इथे कुठे?"

"दोरी अडकली!"

"कुठली दोरी?"

"ती... ही! पंख्यात!"

"कुणाची दोरी, आरिस्तिदी?"

एक लाट आत आली. झिसिमोस डब्याने पाणी उपसत होता.

"सांग की रे!" म्हातारा म्हणाला. "मी बुडायच्या आत सांग!"

"तुझी दोरी!" आरिस्तिदिस ओरडला.

"माझ्या दोरीशी काय करत होतास?"

"नांगर उपटत होतो!"

"काय म्हणालास? वारा आहे, ऐकू आलं नाही."

"नांगर उपटत होतो तुझा! मागच्या रविवारीसुद्धा आम्हीच उपटला!"

टेबलांवर जो हशा झाला त्याने चर्चच्या घुमटावरची कबुतरं उडाली. पाद्रीबाबा फोतिओस पडद्याबाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, "कबुलीजबाब ऐकला. देवानेही आणि मीही."

एव्हान्थियाने शिवणाची मोठी कात्री गळ्यात अडकवली, टोपी घातली आणि पोहत त्यांच्याकडे गेली. पाण्याखाली जाऊन तिने दोरी कापली. मोकळी झालेली होडी वाऱ्याबरोबर वाहत सरळ स्तामातूलाकडेच आली. एव्हान्थिया बाजूने पोहत होती. ती बाजूला लागल्याबरोबर आपल्या होडीवर चढून तिने त्यांच्या होडीला दोर टाकला आणि तिला आपल्या मागे बांधलं. साखळी पुढे ताणली गेली, जरा कुरकुरली, आणि थांबली. तिने पुन्हा घंटेचा खांब आणि त्यामागचं सुरूचं झाड बघितलं आणि मान डोलावली. दोन्ही एका रेषेत.

"आता आम्हाला किनाऱ्यावर सोड," आरिस्तिदिस म्हणाला.

"कसं सोडू? सूर्य मावळला नाही अजून. मी हलले तर हरेन." तिने डोळे मिचकावले. "आणि बरं झालं तुम्ही आलात. दोन होड्या एका नांगरावर. आता कुणी म्हणायला नको की हलकीफुलकी होती म्हणून राहिली."

तर ते दोघं तिथेच राहिले, नांगर टाकणाऱ्या बाईच्या मागे बांधलेले, सूर्य टेकडीमागे जाईपर्यंत. गावाने त्यांना बघत कॉफ्या प्यायल्या, वाइन प्यायली, मुलांना खांद्यावर घेऊन दाखवलं. तिने मात्र त्यांना उपाशी ठेवलं नाही. तळलेली झुकिनी, पाव आणि ऑलिव्ह दोरीला बांधलेल्या टोपलीतून मागे सोडले. आरिस्तिदिसने आधी नको म्हटलं. मग झिसिमोस खायला लागल्यावर घेतलं.

त्या वेळी काय झालं ते झिसिमोसने मला नंतर सांगितलं. आरिस्तिदिस पाव चावत कितीतरी वेळ पुढच्या साखळीकडे बघत होता, मग म्हणाला, "म्हाताऱ्या, हलतच नाही रे."

"इंचभर नाही."

"मी टाकलेला नेहमी थोडा सरकायचा." आणि जरा वेळाने म्हणाला, "तिला कधी विचारलंच नाही मी, पुढून काय दिसतं ते." एवढं बोलून तो पुन्हा पाव चावायला लागला, आणि झिसिमोसने त्याला शेवटची झुकिनी दिली. म्हाताऱ्याने कुणाला शेवटचा घास दिल्याचं मी तरी आजवर ऐकलं नव्हतं.

सोमवारी एव्हान्थिया त्रिगोनाला गेली. दोन दिवसांचं बोलून गेली आणि जवळजवळ तीन आठवडे राहिली. दियामांतोच्या गच्चीवर धुण्याच्या दोरीला एक लाल कापड आलं की इकडे बायका म्हणायच्या, बहिणी अजून बोलताहेत. आरिस्तिदिस घेवडा शिजवायला शिकला. पहिल्या दिवशी इतका करपला की मांजराने वास घेऊन पाठ फिरवली. तो मला रोज नवीन प्रश्न विचारायचा, कांदा आधी की टोमॅटो. आवाज मात्र खाली आला होता. दुकानातले लोक त्याला मुद्दाम दूरच्या टेबलावरून हाक मारायचे, तो ओरडतो का ते बघायला.

ती परतली त्या दुपारी मायस्त्रोस चांगला लागला होता. स्तामातूला खाडीच्या तोंडातून आत आली तसं टेबलांवरचे सगळे आरिस्तिदिसकडे वळले. प्लास्टर निघालं होतं. तो काठी टेकत पायऱ्यांच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला. बार्बा झिसिमोसने कानावर हात ठेवले.

त्याने तोंड उघडलं, पण शब्द काढला नाही. नुसता हात वर करून डावीकडच्या एका जागेकडे बोट दाखवलं, तिथे वाळू चांगली आहे असं सांगायला. ती सुकाणूशी बसून त्याच्याकडे बघत होती. तिने अदबीने मान डोलावली, रुमाल सारखा केला आणि होडी उजवीकडे नेऊन तिथे नांगर टाकला.